फणीचे दाते : वस्तरा न्हाव्याच्या हातून आपल्या हाती कसा आला?

१/
जुन्या सेफ्टी रेझरचे डोके नीट निरखून पाहिले, तर पात्याखाली एक बारीक फणी दिसते. अखंड पट्टीऐवजी तेथे एकमेकांपासून सुटे, गोलसर टोकांचे दाते असतात. या घडणीला ‘ओपन कोम’ म्हणतात, म्हणजे उघड्या दात्यांची फणी. हल्लीच्या रेझरांत ती क्वचितच आढळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मात्र घरच्या घरी दाढी करू लागलेल्या लाखो पुरुषांच्या हातातील रेझरला हीच फणी होती.

२/
फणीचे काम कातडी वाचवण्याचे. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. न्हाव्याच्या बोटांत वर्षानुवर्षांच्या सरावाने उतरलेले कौशल्य धातूच्या आकारात ओतण्याचा तो प्रयत्न होता. कौशल्य हातातून वस्तूत गेले, की त्या हाताचा अधिकारही बदलतो. कोण कोणाची दाढी करणार, कोण कोणाला नकार देऊ शकणार, हे प्रश्न त्यामागोमाग येतात. या धाग्यात त्या दात्यांचा आणि त्या प्रश्नांचा मागोवा घेऊ.

३/
आधी वस्तरा समजून घेऊ. उघड्या वस्तऱ्याने दाढी करणाऱ्याला तीन गोष्टी साधाव्या लागत. पहिली धार : दगडावर पाजळून, चामड्याच्या पट्ट्यावर घासून ती रोज राखायची. दुसरी कोन : पाते कातडीशी किती कलते धरायचे. तिसरी दाब : हनुवटीच्या हाडावर किती, गळ्याच्या मऊ भागावर किती. यांतली एक जरी चुकली, तरी रक्त निघणार. सेफ्टी रेझरचा इतिहास म्हणजे ही तीन कौशल्ये एकेक करून यंत्राकडे सोपवण्याचा इतिहास आहे.

४/
पहिला प्रयत्न कोनाचा होता, आणि तो फ्रान्समध्ये झाला. पॅरिसमधील ज्याँ-जाक पेरे हा चाकू-सुऱ्या घडवणारा कारागीर. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात त्याने वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवले. सुताराच्या रंध्यातून पाते जेवढे हवे तेवढेच बाहेर डोकावते. तीच कल्पना त्याने दाढीला लावली. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, यावर त्याने ‘ला पोगोनोतोमी’ नावाचे अख्खे पुस्तकही लिहिले.

५/
या पुस्तकाचे महत्त्व त्यातील सूचनांपेक्षा त्याच्या विषयात आहे. त्या काळी युरोपातील प्रतिष्ठित पुरुषाची दाढी न्हावी किंवा घरचा सेवक करी. अशा काळात एक कारागीर वाचकाला सांगतो की हे काम शिकता येते, आणि ते शिकण्यात कमीपणा नाही. परावलंबन कमी करण्याची ती छोटीशी प्रस्तावना होती. पेरेचा वस्तरा फारसा पसरला नाही. पाते पुढे किती येईल याला कुंपण घालावे, हा विचार मात्र टिकला.

६/
पुढची पायरी इंग्लंडमध्ये. १८४७ साली विल्यम सॅम्युअल हेन्सन याने एका नव्या रेझरचे पेटंट घेतले. त्यात पाते दांड्याशी काटकोनात बसवले होते. वस्तऱ्याचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असते; हेन्सनचे पाते कुदळीसारखे आडवे झाले. आज जगातील जवळजवळ प्रत्येक रेझर याच आकाराचा आहे. पात्यापुढे फणीसारख्या दात्यांचे संरक्षक कवच लावण्याची कल्पनाही त्याच पेटंटमध्ये आढळते.

७/
हा हेन्सन विमानविद्येच्या इतिहासातही भेटतो. १८४० च्या दशकाच्या आरंभी त्याने वाफेवर चालणाऱ्या उडत्या यंत्राचा आराखडा तयार करून त्याचे पेटंट घेतले होते. ते यंत्र प्रवाशांना घेऊन कधी उडाले नाही. आकाशात जाण्याचे त्याचे स्वप्न कागदावरच राहिले. दाढीच्या पात्याला त्याने दिलेले काटकोनी वळण मात्र पुढे घरोघरी पोहोचले.

८/
१८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी अमेरिकेत पेटंट घेतले आणि ‘सेफ्टी रेझर’ हे नाव रूढ केले. ‘स्टार’ या नावाने विकला जाणारा त्यांचा रेझर गाजला. त्याच्या डोक्याची एक बाजू पोकळ होती. खरडून निघालेला फेस तिच्यात साठे. अमेरिकन लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८६ च्या युरोपप्रवासात तो वापरला आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याची मनापासून स्तुती केली. डुलणाऱ्या जहाजावर न कापता दाढी होणे, ही त्या काळी सांगण्यासारखीच गोष्ट होती.

९/
कोनाचा प्रश्न असा बव्हंशी सुटला. धारेचा तसाच राहिला. स्टार रेझरचे पाते म्हणजे वस्तऱ्याचाच एक आखूड, जाड तुकडा. ते काढून पट्ट्यावर घासावे लागे आणि अधूनमधून जाणकाराकडून त्याला धार लावून घ्यावी लागे. दाढी घरी होऊ लागली तरी धारेसाठी कसबी हातावरचे अवलंबन संपले नव्हते. ही गाठ सोडवणारा माणूस ना लोहार होता, ना न्हावी. तो फिरता विक्रेता होता.

१०/
किंग कॅम्प जिलेट. जन्म १८५५, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात. १८७१ च्या शिकागोच्या भीषण आगीत कुटुंबाचे सारे गेले आणि तरुण जिलेट विक्रीच्या धंद्यात शिरला. पुढे तो विल्यम पेंटर यांच्याकडे नोकरीस होता. सोड्याच्या बाटलीला लागणारे, कडेला चुण्या असलेले पत्र्याचे बूच हा पेंटर यांचाच शोध. त्यांनी जिलेटला सल्ला दिला होता : एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तुझ्याकडे येईल.

११/
येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. याच जिलेटने १८९४ साली ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचे पुस्तक लिहिले. व्यापारी स्पर्धा हेच दुःखाचे मूळ असून सर्व उत्पादन एकाच सार्वजनिक महामंडळाच्या हाती असावे, नायगाऱ्याच्या धबधब्यापासून मिळणाऱ्या विजेवर एकच विराट नगर चालावे, असे स्वप्न त्यात मांडले आहे. स्पर्धेचा कडवा टीकाकार आणि ‘वापरा व फेका’ या व्यापाराचा आद्य पुरुष एकाच देहात नांदत होते.

१२/
जिलेटने पुढे स्वतः सांगितल्याप्रमाणे, १८९५ मध्ये एका सकाळी बोथट वस्तरा हाती घेऊन आरशासमोर उभा असताना त्याला कल्पना सुचली. कापण्याचे काम केवळ धारेची कड करते. मग मागचे एवढे पोलाद कशाला? पातळ पत्र्याची पट्टी घ्यावी, तिच्या दोन्ही कडांना धार द्यावी, ती बोथट झाली की टाकून द्यावी. धार राखण्याचे कौशल्य अशा रीतीने कारखान्यात हलवले जाणार होते.

१३/
कल्पना सोपी, पोलाद हट्टी. इतका पातळ पत्रा कडक करायला गेले, की तो वेडावाकडा होई. जाणकारांनी हे अशक्य ठरवले. अखेर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेले अभियंते विल्यम निकर्सन यांनी पाती कडक करण्याची व त्यांना धार लावण्याची यंत्रे सिद्ध केली. १९०१ मध्ये बोस्टनला कंपनी स्थापन झाली. कंपनीला आणि रेझरला नाव जिलेटचे मिळाले. निकर्सन यांचे नाव आज अभ्यासकांपुरते उरले आहे.

१४/
आता रेझरची रचना पाहू. तीन भाग : वरची टोपी, खालची फणी आणि दांडा. टोपीला किंचित बाक असतो. टोपी आणि फणी यांच्यामध्ये पाते ठेवून दांडा पिळला, की सपाट पाते त्या बाकानुसार वाकते. वाकलेला पत्रा ताठर होतो; कागदाला हलकी पन्हळ दिली की तो हातात उभा राहतो, तसे. सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीच्या पात्याला दाढीपुरता ताठरपणा या बाकातून मिळाला. कोन टोपी आणि फणी मिळून ठरवू लागल्या.

१५/
मग दाते कशासाठी? पात्याच्या पुढ्यात अखंड पट्टी असेल, तर ती पात्याआधी चेहऱ्यावरून सरकते. ती साबणाचा फेस पुसत जाते आणि लांब वाढलेले केस आडवे दाबते. दात्यांच्या फटींतून मात्र फेस जसाच्या तसा पात्यापर्यंत पोहोचतो आणि केस उभेच राहतात. रोज दाढी करण्याची पद्धत तेव्हा सार्वत्रिक नव्हती; अनेकांची दाढी दोन-चार दिवसांनी किंवा आठवड्याने होई. फणी अशा वाढलेल्या दाढीला सोयीची होती.

१६/
१९०३ हे विक्रीचे पहिले वर्ष. विकले गेले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री ९० हजारांवर गेली आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मंजूर झाले. किंमत होती ५ डॉलर. सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा त्यात जाई. न्हाव्याकडची दाढी काही सेंटांत होत असताना लोकांनी ही रक्कम मोजली, यावरून स्वतःची सोय आणि स्वतःची वेळ यांचे मोल त्यांना किती वाटत होते, ते कळते.

१७/
जिलेटविषयी एक समज सर्वत्र पसरलेला आहे : ‘रेझर फुकटात वाटा आणि पात्यांवर कमवा’ ही युक्ती त्याने काढली. आरंभीचा इतिहास याच्या उलट आहे. पेटंट जिवंत असेपर्यंत रेझर ५ डॉलरांनाच विकला जात होता. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, नकला बाजारात येणार हे दिसू लागले, तेव्हा कंपनीने सुधारित रेझर जुन्या किमतीला ठेवला आणि जुन्या धाटणीचा १ डॉलरवर आणला. स्वस्ताई ही नाइलाजातून आली.

१८/
या सवयीला सर्वांत मोठी गती मिळाली ती पहिल्या महायुद्धात. खंदकातील चिखलात रोज न्हावी कोठून मिळणार? शिवाय विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर घट्ट बसत नसे. अमेरिकेच्या सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटींहून अधिक पाती घेतली गेली. एक अख्खी पिढी न्हाव्यावाचून दाढी करायला शिकली, आणि युद्ध संपल्यावर ती सवय घरी घेऊन गेली.

१९/
या सवयीनेच फणीचा घात केला. दाढी रोज होऊ लागली, तसे केस आखूडच राहू लागले आणि दात्यांच्या मोकळ्या फटींची गरज उरली नाही. त्यातच पितळी दात्यांचा एक दोष होता : रेझर हातातून निसटून फरशीवर पडला, की दाते वाकत. १९३८ मध्ये जिलेटने ‘टेक’ हा अखंड पट्टीचा रेझर आणला आणि पुढच्या काळात तीच घडण रूढ झाली. पुरुषांची दिनचर्या बदलली, आणि तिचा पुरावा रेझरच्या आकारात उरला.

२०/
आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. ज्याच्या हातून वस्तरा गेला, त्या न्हाव्याकडे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गोऱ्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या करणारे अनेक न्हावी कृष्णवर्णीय होते. अलोन्झो हर्नडन गुलामगिरीत जन्मले आणि पुढे अटलांटा शहरात आलिशान केशकर्तनालयांचे मालक झाले. पण त्यांच्या प्रसिद्ध दुकानातील खुर्च्या गोऱ्यांसाठीच होत्या. मालकाच्या स्वतःच्या समाजातील माणसाला तेथे बसता येत नसे. १९०६ च्या वंशद्वेषी दंगलीत त्यांच्याही दुकानावर हल्ला झाला.

२१/
म्हणजे दाढीची खुर्ची ही समाजातील उतरंडीची जागा होती. कोणी कोणाला स्पर्श करावा, हे तेथे रोज ठरत असे. हाच प्रश्न त्याच काळात महाराष्ट्रात जातीच्या रूपाने उभा होता. येथे न्हावी हा बलुतेदार. धोकटी घेऊन तो गावकऱ्यांच्या दारी जाई आणि मोबदल्यात सुगीला धान्य घेई. वार-तिथी पाहून क्षौर करण्याची रीत होती. पण गावातील प्रत्येकाच्या दारी धोकटी उघडत नसे.

२२/
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३० च्या दशकात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथनपर लेखन केले. त्यात साताऱ्यातील बालपणाची आठवण आहे. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते. तरीही अस्पृश्य मुलाच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. म्हणून घरातील भावंडांचे केस थोरली बहीण कापत असे. कौशल्य एका हातात एकवटले, आणि त्या हाताला समाजाने बांधून ठेवले, की काय होते, ते या एका आठवणीतून कळते.

२३/
नकाराची दुसरी बाजूही याच महाराष्ट्रात दिसली. विधवेचे केशवपन करण्याची प्रथा न्हाव्याच्या वस्तऱ्यावाचून चालणारी नव्हती. १८९० मध्ये मुंबईत शेकडो न्हाव्यांनी सभा भरवली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे ठरवले. या चळवळीमागे सत्यशोधक परंपरेतील कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे घडत नव्हते, त्याला हात घालण्याचे धैर्य वस्तरा धरणाऱ्यांनी दाखवले.

२४/
हे दोन नकार शेजारी ठेवून पाहावेत. एक नकार लहान मुलाचा अपमान करणारा, दुसरा स्त्रीवरचा अत्याचार थांबवू पाहणारा. दोन्हींचे मूळ एकच : वस्तरा धरण्याची विद्या मोजक्या हातांत होती. घरात रेझर आला, की पहिल्या नकाराची धार बोथट होते. पण अन्यायाला ‘नाही’ म्हणण्याचे दुसऱ्या नकाराचे बळही त्याबरोबर घटते. पात्याप्रमाणे या बदलालाही दोन्ही बाजूंनी धार होती.

२५/
शिवाय यंत्राने दिलेली सुटका खासगी असते. घरी दाढी करणाऱ्याला न्हाव्याचा होकार लागत नाही; पण दुकानातील खुर्चीवर बसण्याचा हक्क त्याला रेझर देत नाही. तो हक्क कायद्याने द्यावा लागतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत भेदभावबंदीच्या अनुच्छेदावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ शब्दात काय काय येते, हा प्रश्न निघाला. हजामतीच्या दुकानांचाही विषय आला.

२६/
उत्तर द्यायला उभे होते डॉ. आंबेडकर. मागेल त्याला सेवा देऊ करणारी जागा, असा ‘दुकान’ शब्दाचा व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. नुसत्या आत जाण्याच्या परवानगीपुरता तो शब्द मर्यादित नव्हता. सेवा मिळण्याचा हक्क त्यात होता. ज्याचे केस लहानपणी बहिणीला कापावे लागले, त्याच माणसाने देशाच्या संविधानातील त्या शब्दाचा अर्थ उलगडून दाखवला. रेझरने पळवाट दिली होती. संविधानाने समोरचे दार उघडले.

२७/
आज हा इतिहास हाती धरून पाहता येतो. जर्मनीतील मेर्कुर आणि म्यूले या कंपन्यांचे ओपन कोम रेझर अजून मिळतात आणि वस्तऱ्याप्रमाणे सावकाश दाढी करणाऱ्यांत ते प्रिय आहेत. त्यांच्याविषयी एक धाक असतो : दाते उघडे, म्हणजे रेझर जहाल. हे पूर्ण खरे नाही. रेझर मऊ की जहाल, हे मुख्यतः पाते किती बाहेर डोकावते आणि पाते व फणी यांच्यात किती फट आहे, यावर ठरते. दाते असूनही सौम्य असलेले रेझर आहेत.

२८/
प्रयोग करायचा असेल, तर जुनाच क्रम पाळावा. चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावा. पाणी शोषलेला केस बराच सहज कापला जातो. ब्रशने साबणाचा दाट फेस करावा. केस कोणत्या दिशेने वाढतात हे बोटाने चाचपून पहिला हात त्याच दिशेने फिरवावा. दांडा कातडीशी अंदाजे ३० अंशांत धरावा, दुसऱ्या हाताने कातडी ताणावी आणि आखूड फटके द्यावेत. दाते फेस पुसून टाकत नाहीत, हा फरक पहिल्याच फटक्यात दिसतो.

२९/
आणि मग तिसरे कौशल्य आठवते : दाब. आजचे अनेक पात्यांचे, लवचीक मानेचे कार्ट्रिज रेझर दाबून ओढण्याची सवय लावतात. ओपन कोमवर तसे दाबले, की दात्यांच्या फटींत कातडी फुगून वर येते आणि पाते तिला ओरखडते. रेझर आपल्या वजनानेच सरकू द्यायचा असतो. कोन धातूने सांभाळला, धार कारखान्याने सांभाळली. हाताचा हलकेपणा मात्र सव्वाशे वर्षांनंतरही ज्याचा त्याने शिकावा लागतो. न्हाव्याच्या विद्येतला एवढा अंश यंत्राला पूर्णपणे घेता आला नाही.

३०/
जिलेटची अखेर त्याच्या पुस्तकातील स्वप्नासारखी झाली नाही. वेष्टनावर छापलेला त्याचा चेहरा जगभर ओळखीचा झाला, पण १९२९ च्या मंदीत त्याची बरीचशी संपत्ती गेली आणि १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचा मृत्यू झाला. त्याने रुजवलेली फेकून देण्याची रीत पुढे संपूर्ण प्लास्टिकच्या रेझरांपर्यंत गेली. त्यामानाने त्याचे मूळ अवजार काटकसरी होते : फेकायचे ते केवळ पोलादाचे पातळ पान, बाकी सारे पितळेचे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे.

३१/
शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेट रेझरमध्ये आज किराणा दुकानात मिळणारे दुधारी ब्लेड बसते. आणि तेच ब्लेड आज आपल्या गल्लीतील सलूनमध्येही दिसते. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती झाल्यापासून गिऱ्हाईक नव्या ब्लेडचा आग्रह धरते. कारागीर वेष्टनासकट ब्लेड मधोमध मोडतो, अर्धे पान वस्तऱ्यात अडकवतो आणि काम झाल्यावर टाकून देतो. न्हाव्याला वगळण्यासाठी जन्मलेले पाते असे त्याच्याच हातात परत आले आहे. त्याच्यासमोरच्या खुर्चीत कोणीही बसू शकते, हे मात्र पात्यामुळे घडलेले नाही. (समाप्त)